दोन पन्नास मिळून पंचाहत्तर

आमच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "ताई, गार कोणती राहते?" म्हणजे नेट. शेडनेट. पूर्वी मी उलट विचारायचे, "खाली काय लावणार?" आता आणखी एक विचारते, "आणि खाली कोण राहणार?" लोक चमकून बघतात. रोपवाटिकेसाठी कापड घ्यायला आलेल्या माणसाला हा प्रश्न चौकशीसारखा वाटतो. पण तो विचारल्याशिवाय माझा हात गठ्ठ्याकडे जात नाही.

मी मूळची धुळ्याची. कृषी पदविका झाली आणि महामार्गालगतच्या एका दुकानात लागले. ठिबकच्या नळ्या, ताडपत्र्या, फवारणीचे पंप आणि मागच्या अंगाला नेटचे गठ्ठे. लग्नानंतर जळगावला आले, तरी धंदा तोच राहिला. काउंटरवर मी असते, आणि मोठं काम असेल तर जागा बघायलाही मीच जाते. उभारणी आमचे सुपडूभाऊ करतात. ते कमी बोलतात, पण वाऱ्याची दिशा न विचारता एक खांब रोवत नाहीत.

बाहेरच्या माणसाला हे काम कापडाच्या दुकानासारखं वाटतं, आणि थोडंफार तसंच आहे. प्लॅस्टिकच्या धाग्यांचं विणलेलं कापड, त्यावर आकडा. पस्तीस, पन्नास, पंचाहत्तर, नव्वद. जो आकडा तितके टक्के ऊन ते अडवतं. नव्वदच्या खाली लोक मोटारी उभ्या करतात. रोपाला तितकी सावली दिली तर ते लगेच मरत नाही, आणि हीच पंचाईत आहे. ते उजेडाच्या मागे वर वर धावतं. उंच, हिरवंगार दिसतं. घेणारा खूश होऊन घेऊन जातो, आणि वावरात लावलं की दुसऱ्या दुपारी मान टाकतं. सावली कमी पडली तर कोवळं पान भाजतं, पण ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. शिवाय ऊन वेगळं आणि उष्मा वेगळा. ठेंगण्या शेडवर काळी गर्द नेट ताणली तर खाली अंधार होतो, पण वारा कोंडतो आणि भट्टी पेटते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. जामनेरच्या एका गृहस्थांना लाल नेटच हवी होती, टोमॅटो लवकर लाल व्हावेत म्हणून. धुळ्याच्या दुकानात एकदा एक निवृत्त साहेब बायकोला घेऊन आले. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी त्यांना हिरवी नेट पाहिजे होती, कारण झाडं हिरवी असतात. मी तुकडा काढून दिला. त्यांनी तो दारात, उन्हात, बायकोच्या डोक्यावर धरला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ही आजारी दिसते." बाई म्हणाल्या, "मग झाडं तरी कशी बरी राहतील?" मी त्यांना पांढरी दिली.

पण मला सांगायचं आहे ते अक्का आणि आबांविषयी.

उन्हाळा तोंडावर आला होता. दुपारच्या वेळी एक सत्तरीकडे झुकलेल्या बाई एकट्याच दुकानात आल्या. डोक्यावर पदर, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "मिरचीना रोपवाला आबा शेतस ना पाचोऱ्याकडना, त्यासनी मी घरवाली."

लोटन आबांचं नाव मी ऐकून होते. पाचोरा-जामनेर पट्ट्यात उन्हाळी मिरची लावणारे कितीतरी शेतकरी रोपं त्यांच्याकडचीच घेत. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"डोया तपासाले जास सांगीसन उनी मी," त्या म्हणाल्या. "आबा उद्या येतीन. जुनी नेट वारा-वावधनमा फाटनी, नवी लेवाले येतीन. पन्नास मांगतीन. तू त्यासले पंचाहत्तर दे. आनि पन्नासच शे, आसं सांग."

मी विचारलं, असं का. तेव्हा त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि मागच्या वैशाखातली गोष्ट सांगितली. त्या चहा घेऊन शेडमध्ये गेल्या, तर आबा रोपांच्या ट्रेंमधल्या वाटेत आडवे. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी वाचवलं, पण बजावलं की पुन्हा असं झालं तर खात्री नाही. दुपारी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. बरे झाल्यावर आठवडाभरात आबा पुन्हा दुपारी शेडमध्ये.

"मनं ते आयकतस नही," अक्का म्हणाल्या. "म्हनीसन नेटले सांगाले उनी."

मी त्यांना रोपांचं सांगितलं. पंचाहत्तरखाली मिरचीचं रोप लांबेल, मान पातळ राहील, आबांचं नाव जाईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "रोपं बिघडनात ते परत लावसूत. माणूस कोठून लयसूत?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या गेल्यावर मी पन्नास आणि पंचाहत्तरचे तुकडे दारात नेऊन उन्हात धरले. सरावलेल्या डोळ्याला फरक कळतो. पण नवी नेट नवी म्हणून गर्द वाटते, धूळ-ऊन खाल्लं की उघडते, असं सांगून वेळ निभावता आली असती. ते मला येत होतं, याचीच भीती वाटली. खोटं बोलून मी एका माणसाचा जीव वाचवणार होते की त्याचं आयुष्यभराचं काम बुडवणार होते, ते मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी आबा आले. सडपातळ, पांढरी टोपी, चष्म्याला दोरी. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "पस्तीस दाखाड."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आबा, आधी पन्नास होती ना?"

"व्हती. पन पस्तीसच पाहिजे."

त्यांचं कारण मागच्या वर्षाचंच होतं, फक्त दुसऱ्या बाजूनं. ते दवाखान्यात पडले असताना शेडकडे बघायला कोणी नव्हतं. पाणी जास्त झालं, रोपं लुसलुशीत वाढली, आणि जामनेरकडच्या एका जुन्या शेतकऱ्याच्या वावरात लावल्यावर आडवी झाली. तो माणूस भांडायला आला नाही. या वर्षी त्यानं रोपं सांगितलीच नाहीत. "भांडता ते बरं व्हतं," आबा म्हणाले. आता त्यांना रोपं अशी दणकट करायची होती की वैशाखातल्या उन्हात उभी राहिली पाहिजेत. त्यासाठी पस्तीस.

एका घरातून पंचाहत्तरची मागणी, त्याच घरातून पस्तीसची. मी आबांना म्हटलं, जागा बघितल्याशिवाय मी नेट देत नाही. ते अर्धं खरं होतं. मला वेळ हवा होता.

सुपडूभाऊंना घेऊन मी रेल्वेनं पाचोऱ्याला गेले, पुढे रिक्षानं त्यांच्या गावी. शेड घराला लागूनच होतं, पश्चिमेची बाजू उघड्या वावराकडे. उंची चांगली होती, वारा खेळत होता. आबा मला मधल्या वाटेनं घेऊन गेले. वर फाटक्या नेटचे पट्टे फडफडत होते आणि खाली ट्रेमध्ये मिरचीची नुकती दोन पानं फुटलेली. त्यांनी एका रोपाच्या पानाखाली बोट घातलं.

"सकायले सगया रोपं चांगलाच दिसतस," ते म्हणाले. "बाराना ऊनमा देखं का समजस, कोण टिकी नि कोण नही. म्हनीसन बारालेच येवो पडस."

मी ठरवून गेले होते की बोलायचंच. "आबा, डॉक्टरांनी तुम्हाला दुपारी आत यायला मना केलंय ना?"

त्यांनी बोट काढून घेतलं. "तुले हाई कोणी सांगं?"

दारात अक्का उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "मी सांगं. दुकानमा जाईसन सांगं. पंचाहत्तर दे, आनि पन्नास शे म्हन, आसं बी मीच सांगं."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. सुपडूभाऊ एका खांबाचा पाया बघायला निघून गेले. आबा रोपांकडेच बघत होते. मग अक्कांकडे न बघता म्हणाले, "मी काय रोप शे का, सावली मोजीसन देवाले?"

"रोप ऱ्हाता ते बरं व्हतं," अक्का म्हणाल्या. "रोपले पानी दिधं का पेस. सावली दिधी का गुमान बठस."

आबा हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. तिथंच मला तोडगा सुचला. सुचला म्हणजे मोठ्या हरितगृहांत तो असतोच, लहान शेडवर कोणी करत नाही. वर कायमची पांढरी पन्नासची नेट. तिच्याखाली हातभर जागा सोडून तारांवर सरकणारा दुसरा पडदा, तोही पन्नासचा. सकाळी आणि संध्याकाळी पडदा गुंडाळलेला, रोपांना उजेड. भर दुपारी ओढून घ्यायचा.

"पन्नास नि पन्नास शंभर," आबा म्हणाले. "आंधारच की."

मी पिशवीतून दोन तुकडे काढले. पहिला तुकडा अर्धं ऊन अडवतो, अर्धं खाली सोडतो. त्या सोडलेल्यातलं अर्धं दुसरा अडवतो. दोन पन्नास मिळून पंचाहत्तर होतात. आबांनी दोन्ही तुकड्यांखाली तळहात धरला, मग एक काढला, पुन्हा ठेवला. असं चार-पाच वेळा केलं. शेवटी म्हणाले, "सकायना उजेड मना, दुपारनी सावली तिनी. चाली."

अक्कांची एक अट होती. दोरी शेडच्या बाहेर पाहिजे. आत दिली तर आबा पडदा परत उघडतील. त्यांच्या हाताशी, घराच्या कोपऱ्यावर, पश्चिमेच्या भिंतीला दोरी अडकवायला आकडा लावून द्या. आबांनी मान हलवली. सुपडूभाऊंनी तसं करून दिलं. पडदा पहिल्यांदा ओढला तेव्हा ट्रेंवरचा झगझगीत उजेड हळूहळू निवत गेला, आणि आम्ही चौघं वर बघत उभे राहिलो. परतीच्या गाडीत मी मनाशी खूश होते. दोघांना न दुखवता, खोटं न बोलता काम झालं होतं.

मग एप्रिल आला. जळगावचा एप्रिल ज्यानं काढलाय त्याला काही सांगायला नको. दुकानाच्या शटरला हात लागला तरी चटका बसतो. अकरा वाजल्यापासून मोबाइलवर तापमान बघायचं, आणि आकडा बघून पुन्हा आबांची आठवण. सगळ्या शेडवरच्या गिऱ्हाइकांची काळजी असते, पण एवढी कोणाची नसायची. चार-दोन दिवसांनी मी फोन करायचे. आबांची तक्रार अशी की ही बारा वाजायच्या आधीच पडदा ओढते. अक्कांची अशी की ते दुपारी आतच बसतात. "पन सावलीमा बठतस," त्या पुढे म्हणायच्या. मला तेवढ्यानं बरं वाटायचं. पूर्ण बरं कधी वाटलं नाही. उष्मा वेगळा आणि ऊन वेगळं, हे मीच लोकांना शिकवत होते ना.

एका दुपारी, दुकानात कोणी नसताना, आबांचा फोन आला. ते दुपारी कधी फोन करत नसत.

"ताई, म्हातारी पडनी," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "दवाखानामा लयेल शे."

क्षणभर मला वाक्यच कळेना. मी इतके दिवस आबांबद्दल अक्कांचा फोन येईल याची धास्ती घेतली होती. हे असं उलटं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मिळेल ती गाडी पकडून मी पाचोऱ्याला पोहोचले.

दवाखान्याच्या बाकावर आबा बसले होते, धोतर आणि सदरा ओलाचिंब. आत अक्कांच्या अंगावर ओल्या चादरी, हाताला सलाईन, डोळे मिटलेले. मी आबांच्या शेजारी बसले. ते आपणहून सांगू लागले.

पडदा अडकला होता. तारेचं एक टोक सुटून नेटच्या काठात रुतलं आणि पडदा निम्म्यावर येऊन थांबला. अक्का बाहेर, पश्चिमेच्या भिंतीशी, डोक्यावर फक्त पदर, बारा टळून ऊन भिंतीवर आलं तरी दोरी ओढत राहिल्या. हाक मारली असती तर आबा आले असते. पण आबा म्हणाले असते की जाऊ दे, राहू दे उघडा. म्हणून त्यांनी हाक मारली नाही.

"मी आतमाच व्हतू," आबा म्हणाले. "पडदा आर्धा उना नि थांबना. माले वाटनं, तिनं मन बदलनं. आज ती माले उजेड दी ऱ्हायनी." त्यांनी ओल्या सदऱ्याचा काठ पिळला. "ताई, माले बरं वाटनं व्हतं."

दोरी हलायची बंद झाली आणि बराच वेळ काहीच आवाज नाही, तेव्हा ते बाहेर आले. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, दोरी हातात. आबांनी रोपांसाठी भरून ठेवलेल्या टाकीतलं पाणी बादल्या-बादल्यांनी त्यांच्या अंगावर ओतलं, शेजाऱ्यांची गाडी येईपर्यंत ओतत राहिले. डॉक्टर नंतर म्हणाले, तेच उपयोगी पडलं.

त्या वेळी मात्र डॉक्टर काहीच म्हणत नव्हते. आत जायचे, बाहेर यायचे, मान हलवायचे. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येतं का बघत होते. माझ्या मनात भिंत, आकडा आणि दोरी फिरत होती. दोरी बाहेर अक्कांनी मागितली होती, तरी पश्चिमेचं ऊन मला आणि सुपडूभाऊंना ठाऊक होतं. रोपांवरची सावली आम्ही मोजली. आबांवरची मोजली. दोरी ओढणारा माणूस कुठं उभा राहील, हे चौघांपैकी कोणाच्याच मनात आलं नाही. अक्कांच्याही नाही.

आबा रोपांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मलाच आठवलं की पडदा निम्मा आहे आणि टाकी रिकामी. विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे." मी फोन करून सुपडूभाऊंना परस्पर गावी पाठवलं.

ऊन कलल्यावर अक्कांनी डोळे उघडले. त्यांनी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तू काब उनी इतलं दूर?" त्या म्हणाल्या. "दुकान कोण देखस?"

आबा उठून बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

अक्का वाचल्या, पण पहिल्यासारख्या व्हायला खूप वेळ लागला. हात थरथरायचे, जवळच्या माणसांची नावं अडायची. घरी आणल्यावर आबांनी खाट ओसरीत घातली आणि दुपारभर तिथंच बसायला लागले. ओला फडका, ताकाचा पेला, वर्तमानपत्राचा वारा. शेड शेजारच्या एका बाईंनी सांभाळलं, अधूनमधून सुपडूभाऊ जाऊन आले. काही दुपारी पडदा ओढला गेला, काही दुपारी राहिला. पाणी कधी कमी, कधी जास्त. मी एकदा जाऊन रोपं बघून आले, पण आबांना काय सांगावं ते सुचलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

रोपं लावणीला आली, शेतकरी घेऊन गेले. त्यानंतर कधीतरी आबा दुकानात आले. मी धसकले. काही ट्रेमधली रोपं किरकोळ निघाली होती, हे मला माहीत होतं. ते बसले, पाणी प्यायले.

"वावरमा जाईसन देखी उनू," ते म्हणाले. "उभी शेतस. सगयी नही, पन बरीच."

"चांगलं झालं, आबा."

"मी एक दुपार बी गऊ नही आतमा," ते म्हणाले. "तरी उभी ऱ्हायनीत." पुन्हा म्हणाले, "मी नव्हतू, तरी."

ते सांगताना त्यांना आनंद झाला होता की कशाचं तरी वाईट वाटत होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं भर उन्हात ते ज्यांची तोंडं बघायला जात होते, ती रोपं त्यांच्यावाचून वाढली होती. मी चहा सांगितला.

ते आले होते दोरीसाठी. दोरी आत घ्यायची होती, पूर्वेच्या बाजूला, दाराशी, सावलीत. मी विचारलं, "ओढणार कोण?"

"मीच," आबा म्हणाले. "ओढसू नि घर जासू."

सुपडूभाऊंनी ते काम करून दिलं आणि तारांची टोकं रबरात बसवली. त्यानंतर आम्ही जिथं जिथं सरकता पडदा लावला तिथं दोरी कुठं येईल ते मी स्वतः उभी राहून बघते, आणि तेही दुपारीच. गिऱ्हाईक कंटाळतं. कंटाळू दे.

लोक म्हणतात, अनुभव आला की काळजी कमी होते. माझी वाढलीच. पूर्वी कापड विकलं की ते माझ्या हातून सुटायचं. आता चैत्र लागला की गावोगावची शेडं डोळ्यांपुढे येतात, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी वाकलेलं दिसतं. सगळ्यांना फोन करणं शक्य नाही. एका ठिकाणी मात्र करते.

उन्हाळाभर, दुपारचे बारा वाजून गेले की मी नंबर लावते. घंटी वाजत राहते. तिकडे म्हाताऱ्या माणसांना उठून फोनपर्यंत यायला वेळ लागतो, हे कळत असूनही मी घंट्या मोजत राहते. मग कोणीतरी उचलतं. बहुतेक वेळा अक्का.

"आबा कुठं आहेत?"

"आठेच शेतस. पडदा ओढीसन उनात. आते जेवी ऱ्हायनात." मागून ताटाचा आवाज येतो. "तू जेवनी का?"

"जेवते आता," मी म्हणते, फोन ठेवते, आणि माझा डबा उघडते.